पोट माझं, होकार मंद्रूपचा

"हिला काय सांगताय? बाहेर बाप बसलाय, त्याला बोलवा."

डॉक्टरांचं हे वाक्य मी हिरव्या पडद्याआड, डाव्या कुशीवर पडून ऐकलं. माझी कोलोनोस्कोपी नुकतीच झाली होती. कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचिक नळी घालून मोठं आतडं आतून बघतात. गुंगीचं इंजेक्शन दिलेलं असल्यामुळे पेशंट झोपेत आहे असं सगळे धरून चालतात. मी झोपेत नव्हते. पापण्या जड होत्या, कान चालू होते.

पप्पा आत आले. चपला बाहेर काढून, देवळात जावं तसे.

डॉक्टर म्हणाले, "अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे." पप्पा "हां" म्हणाले. मग डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्यात. शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटलंय. का उलटतं, ते नीट कुणाला माहीत नाही. गोळ्या लागतील, बहुतेक कायमच्या.

"कॅन्सर नाही ना साहेब?"

"नाही."

"मग लग्नाला काही अडचण?"

डॉक्टर हसले. "आधी बरी तर होऊ दे."

हे सगळं माझ्यापासून हातभर अंतरावर चाललं होतं. थोड्या वेळाने मला बाहेर बाकावर आणून बसवलं, तेव्हा पप्पा मला म्हणाले, "काही नाही बाळा. पोटात जरा उष्णता झालीय."

माझं नाव स्नेहल. वय चोविशीच्या आसपास. वडील पाटबंधारे खात्यात क्लार्क, आई घरी. मी एकुलती एक. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात येणारं प्रत्येक इंग्रजी पत्र, औषधाचं प्रत्येक वेष्टन वाचून अर्थ सांगणं हे माझं काम. अर्थ सांगितला की माझं काम संपायचं. काय करायचं ते मोठी माणसं ठरवायची. मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. मी कमी बोलते. "मला नको" हे शब्द मी घरात फक्त ताटात जास्तीची भाकरी पडायला लागली की वापरायचे.

आजाराची सुरुवात रक्ताने झाली. शौचावाटे रक्त. मी कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. मग आईने पाहिलं आणि मूळव्याध ठरवून टाकली. शेंगाचटणी बंद झाली, ताक सुरू झालं. दिवसातून इतक्या वेळा जावं लागायचं की मोजणं सोडून दिलं. ही भावना ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते: ती भूक किंवा तहानेसारखी हळूहळू येत नाही. कुणीतरी मागून धक्का द्यावा तशी येते, आणि तुमच्या हातात एखादा मिनिट असतो.

मी तेव्हा नवी पेठेतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करायचे. तिथे बायकांसाठी सोय नव्हती. पेठेत कुठल्या दुकानाच्या मागच्या बाजूला संडास आहे ते मला पाठ झालं होतं. साड्यांच्या एका दुकानात तर मी रोज जायचे. तिथली विक्रेती म्हणायची, "आजबी नुसतं बघणारच का? बघून बघून रंग उडवशील की माझ्या साड्यांचा." मी हसायचे, एखादी साडी उलगडायला लावायचे आणि मग अगदी सहज सुचल्यासारखं विचारायचे, "मावशी, जरा आत जाऊन येऊ?"

निदान झाल्यावर गोळ्या सुरू झाल्या. मेसालामाइन, म्हणजे आतड्याची आग शांत करणारं औषध. मग स्टेरॉइड्स. स्टेरॉइड्सनी रक्त थांबलं आणि चेहरा सुजला. मामी घरी आली तेव्हा माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "बघ, अंगावर आली की पोरगी. आता शोभंल आमच्या संकेतला."

इथे संकेतबद्दल सांगायला हवं. आमच्यात मामाच्या मुलाला मुलगी देण्याची पद्धत आहे. आईचा भाऊ मंद्रूपला असतो. द्राक्षबाग आहे, खतांचं दुकान आहे, गावात चार लोक विचारतात. त्याचा मुलगा संकेत पुण्यात नोकरीला. मी शाळेत असतानाच आईने भावाला शब्द दिला होता. मला तो वाईट वाटत नव्हता, चांगलाही वाटत नव्हता. सणासुदीला भेटायचा तेव्हा आम्ही एकमेकांच्या फोनकडे बघत बसायचो.

गोळ्या कमी केल्या की आजार उसळायचा. असं वर्षभर चाललं. मग एका उन्हाळ्यात तो थांबेचना. ताप, रक्त, पोटात मुरडा. उठून उभी राहिले की डोळ्यांसमोर अंधार. मला शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात दाखल केलं.

वॉर्डात माझ्या शेजारच्या कॉटवर एक खाला होती. पित्ताशयातल्या खड्यांसाठी आलेली, बडबडी, पान खाऊन ओठ लाल. पहिल्याच सकाळी तिने विचारलं, "तेरकू क्या हुआ बोले डाक्टर?"

"मेरेकू नै बोले. पप्पा को बोले."

खाला आपल्या सुनेकडे वळली. "सुनी क्या गे? अंग्रेजी पढ़ी सो छोकरी, अपनी बिमारी मालूम नै बोलती!" सून ओढणीआड हसली. दुपारपर्यंत तो सगळ्या वॉर्डाचा विनोद झाला. सफाईवाली बाई खराटा थांबवून मला बघून गेली.

खरं म्हणजे मला सगळं माहीत होतं. राउंडला डॉक्टर एकमेकांशी इंग्रजीत बोलायचे. इंग्रजीत बोललं की पेशंटला कळत नाही, हा तिथला नियमच. माझ्या पायाशी उभं राहून ते माझ्याबद्दल असं बोलायचे की मी खिडकीतली कुंडी आहे. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइड्सना प्रतिसाद नाही. इन्फ्लिक्सिमॅब देऊन बघितलं, त्यालाही नाही. इन्फ्लिक्सिमॅब हे सलाइनमधून द्यायचं औषध, शरीराचा स्वतःवरचाच हल्ला रोखणारं. काहींना फार छान लागू पडतं. मला पडलं नाही.

मग एका सकाळी मोठे सर्जन आले. केस पिकलेले, हात स्वच्छ, आवाज मऊ. पोट दाबलं, एक्स-रे उजेडात धरला आणि इंग्रजीत म्हणाले की हिचं मोठं आतडं काढावं लागेल, आणि लवकर, कारण ते फुगत चाललंय. फुटलं तर वाचवणं अवघड.

सिस्टरने विचारलं, "सर, पेशंटला सांगू?"

"कशाला? घाबरेल. फादरना माझ्या केबिनमध्ये पाठवा." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून ते मला मराठीत म्हणाले, "काय बेटा, बरं वाटतंय ना?"

मी मान हलवली. होकारार्थी.

तुम्ही विचाराल, का? मलाही अजून नीट सांगता येत नाही. एवढं खरं की मी वाट बघत होते. मला वाटत होतं की एवढी मोठी गोष्ट आहे, कुणीतरी विचारेलच.

या ऑपरेशनचं नाव कोलेक्टमी, म्हणजे मोठं आतडं काढून टाकणं. मग मल बाहेर यायचा कुठून? तर लहान आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून कातडीला शिवतात. त्याला इलिओस्टॉमी म्हणतात. बाहेर दिसणारा तो लाल कोंब म्हणजे स्टोमा. त्यावर एक पिशवी चिकटवतात. मल पिशवीत जमतो, ती दिवसातून काही वेळा रिकामी करायची. पुढे काही महिन्यांनी आतडं आतून जोडता येतं. सगळ्यांचं येतंच असं नाही.

हे मी फोनवर वाचलं, पांघरुणाखाली, सगळं. बायकांचे फोटो पाहिले, पोहणाऱ्या, लग्नात नाचणाऱ्या. भीती वाटली. पण रोज कॉटखालच्या प्लास्टिकच्या भांड्यात रक्त बघण्यापेक्षा ती भीती सोपी वाटली. मनातल्या मनात मी हो म्हणून टाकलं होतं. ते कळवायचं कुणाला, एवढंच माहीत नव्हतं.

पप्पा केबिनमधून आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मामांना बोलावलंय. येतील दुपारी."

मला वाटलं, भेटायला.

वॉर्डाच्या खिडकीखाली गाड्या लावायची जागा होती. मामाचा आवाज द्राक्षबागेच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायच्या सवयीचा. त्याला हळू बोलता येत नाही.

"पोटातनं संडास? दाजी, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

"डॉक्टर म्हणतात आतडं फुटलं तर..." हे पप्पा.

"डाक्टर म्हणतंयच की. त्येंचं कामच कापायचं हाय. आमच्या वळखीत एक जण काढा देतो, लई लोकांचं बरं झालंय. डिस्चार्ज घ्या, आमी नेतो गाडीतनं."

"अय्यो," मामी म्हणाली, "संकेतला काय सांगू मी? पुण्याला पोराचे मित्र येत्यात, सायेब येत्यात. हिच्या हातचं जेवायचं कुणी?"

"वहिनी, हळू," आई म्हणाली. "ऐकेल ती."

"ऐकू दे की वन्सं. उद्या निस्तरायचं आमालाच हाय."

एक मोटरसायकल सुरू होऊन गेली. नंतर पप्पांचा आवाज आला. ऑफिसात वरच्या साहेबांशी बोलतात तो आवाज.

"तुम्ही नाही म्हणालात तर नाही करणार. म्हणून तर विचारायला बोलावलंय. पोर आता तुमच्या घरची. तुमच्या होकाराशिवाय पोटाला हात लावू देणं बरं दिसत नाही."

लग्नात मानकऱ्यांना विचारून नारळ फोडतात. तसा माझ्या आतड्याचा मान मंद्रूपला गेला होता. पप्पांच्या मनात पाप नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. ते वॉर्डातल्या फरशीवर झोपत होते, माझं भांडं स्वतः धुवत होते. त्यांना वाटलं, ते रीत पाळतायत.

मामा म्हणाला, "बरं. संकेतला इचारतो. त्येचंबी ऐकाय पायजेच की. दोन दिवस थांबू."

खाला सगळं ऐकत होती. तिला मराठी नीट कळायचं. तिने पानाचा डबा उघडला, बंद केला आणि कूस बदलून माझ्याकडे पाठ केली. चेष्टा करणाऱ्या बाईने पाठ फिरवली की काय वाटतं ते मला तेव्हा कळलं.

ते दोन दिवस असे गेले. सर्जन राउंडला यायचे आणि विचारायचे, "फादर काय म्हणतात?" सिस्टर म्हणायची, "सर, नातेवाइकांचा निर्णय व्हायचाय." सर्जन इंग्रजीत वैतागायचे. या लोकांना समजत नाही म्हणायचे. मी "या लोकांत" तिथेच पडलेली असायचे, नाकात ऑक्सिजनची नळी, हातात सुई, पूर्ण शुद्धीत, वयाने सज्ञान. फाइल माझ्या पायावर ठेवलेली असायची. माझ्या पायांचा उपयोग त्यांना टेबलासारखा व्हायचा.

संकेतचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा तो मीटिंगमध्ये होता. मग त्याने कळवलं की आई म्हणेल तसं. मामी म्हणाली, त्याचे वडील म्हणतील तसं. मामा म्हणाला, अमावस्या झाल्यावर बघू.

आतडं अमावस्येपर्यंत थांबलं नाही.

दुपारी चहाची गाडी वॉर्डात आली होती. पोटात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि मग दुखणं सगळीकडे पसरलं. पोट फळीसारखं कडक झालं. त्यानंतरचं मला तुकड्यांत आठवतं. स्ट्रेचर. छतावरचे दिवे. पप्पा धावताना एक चप्पल मागे राहिली, ती उचलायला वळले आणि परत धावले. आई पदर तोंडात कोंबून उभी. कुणीतरी माझी नाकातली चमकी काढत होतं. त्या सिस्टरने विचारलं, "काही खाल्लंस का गं सकाळपासून?"

त्या सगळ्या आजारपणात मला विचारलेला तो एकच प्रश्न, ज्याच्या उत्तराची कुणी वाट बघितली.

"चहा," मी म्हटलं.

सही पप्पांनी केली. त्यांना ती करताना मंद्रूपला विचारायला वेळ मिळाला नाही.

मी वाचले. त्याचं श्रेय त्या सर्जनना आहे. त्यांनी पोट धुतलं, सडलेलं आतडं काढलं, अनेक तास उभे राहिले. जे जगले ते त्यांच्या हातामुळे. हे मी विसरत नाही आणि हे लिहिताना कृतघ्न होण्याची माझी इच्छा नाही.

शुद्ध आल्यावर काही दिवसांनी मी पांघरूण बाजूला करून पाहिलं. ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओला कोंब. तो हलत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला किळस आली नाही. मला धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला. तो नेमका तिथे होता जिथे मी सलवारीची नाडी बांधते.

हे तुमच्यासाठी सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ऑपरेशन ठरवून होणार असेल तर आदल्या दिवशी पेशंटला बसवतात, उभं करतात, वाकायला सांगतात. पोटाला घडी कुठे पडते, कपडा कुठे आवळला जातो ते बघतात आणि पेनाने खूण करतात. त्याला साइट मार्किंग म्हणतात, म्हणजे स्टोमाची जागा आधी ठरवणं. त्याला फार वेळ लागत नाही. आणीबाणीत ते राहून जातं. माझ्याकडे त्यासाठी दोन अख्खे दिवस होते. ते मंद्रूपच्या उत्तराची वाट बघण्यात गेले. पिशवी नीट चिकटत नाही, बसले की कड सुटते, कातडी सोलवटते. ही त्या दोन दिवसांची खूण. तुमच्यावर किंवा तुमच्या माणसावर ही वेळ आली तर आधी कपडे घालून दाखवा. साडी कुठे खोचता, नाडी कुठे बांधता, बोट ठेवून दाखवा.

मामा भेटायला आला. शहाळं घेऊन आला. माझ्या कॉटपर्यंत आला नाही, दारातून हात केला. पॅसेजमध्ये आईला म्हणाला, "आक्का, नातं ऱ्हाऊ दे. सोयरीक नगं आता."

आई त्या दिवशी जी रडली तशी माझं आतडं फुटलं तेव्हाही रडली नव्हती. मी तिला पाणी दिलं. ते देताना टाके ओढले.

घरी आल्यावर आईने शेजाऱ्यांना अपेंडिक्स सांगितलं. माझं ताट, तांब्या, टॉवेल वेगळे झाले. पिशवी बदलताना ती नाकाला माझी ओढणी बांधायची आणि तोंड फिरवून हात पुढे करायची. पहिल्यांदा पिशवी गळली तेव्हा ती म्हणाली, "देवा, असलं जगणं तरी कशाला दिलंस?" हे ती देवाला म्हणाली, पण मी तिच्या समोरच होते. मग तीच खाली बसून फरशी पुसायला लागली. नंतर मी बदलायला शिकले. आरसा भिंतीला टेकवून, कोमट पाण्याने पुसून, कोरडं करून, घडी पडते तिथे फट बुजवणाऱ्या पेस्टची रेघ देऊन. शिकल्यावर मी दार लावून घ्यायला लागले. तिलाही बरं वाटलं असावं.

आणि मग एक गोष्ट झाली जिची घरात कुणी दखल घेतली नाही. मी बरी झाले. वजन वाढलं, केस गळायचे थांबले. मी कामावर परत गेले. एका संध्याकाळी नवी पेठेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, रमतगमत, गर्दीत धक्के खात, आणि निम्म्यात आल्यावर लक्षात आलं की मी एकाही दुकानाच्या मागच्या दाराकडे बघितलं नाही. साडीच्या दुकानातल्या मावशीने हाक मारली, "काय गं, आज आत जायाचं न्हाय व्हय?"

म्हणजे तिला माहीत होतं. मी तिच्याकडून साडी घेतली नाही, शेजारच्या दुकानातून सैल इलास्टिकच्या दोन पँट घेतल्या. पण तिच्या बाकावर बसून चहा प्यायले. पूर्ण कप, न घाबरता. कित्येक महिन्यांत असं बसले नव्हते.

पिशवीचा आवाज होतो कधीकधी, शांत खोलीत. लोक बघतात. मी पण इकडेतिकडे बघते, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. एवढं मी शिकले.

मग मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही सर्जनकडे तपासणीला गेलो. पप्पा आणि मी. केबिनमध्ये खुर्च्या दोन होत्या. एकीवर पप्पा बसले. दुसरीवर त्यांची कापडी पिशवी आणि माझी फाइल होती. मी उभी राहिले. सरांच्या बाजूला एक ज्युनियर डॉक्टर, माझ्याच वयाची, उभी होती.

"अरे वा, छान तब्येत झाली," सर पप्पांना म्हणाले. "आता जोडून टाकू. पिशवी जाईल."

पप्पांचा चेहरा उजळला. "करा साहेब, लवकर करा. दिवाळीनंतर टेंभुर्णीची माणसं बघायला यायचीत. चांगलं स्थळ आहे. त्याच्या आत उरकलं तर बरं होईल."

"त्यांना कल्पना दिलीय?"

"अपेंडिक्सचं सांगितलंय. टाके दिसले तरी तेच सांगता येईल."

टेंभुर्णीचं मला तेव्हा कळलं.

सर ज्युनियरकडे वळले आणि इंग्रजीत सांगायला लागले. शांतपणे, शिकवल्यासारखं. पाउच करावा लागेल. पाउच म्हणजे लहान आतड्याचीच थैली करून खाली जोडणं. एका ऑपरेशनात होणार नाही. आतडं फुटलं होतं, त्यामुळे आत सगळं चिकटलेलं असेल. ओटीपोटात खोल जावं लागेल, पुढे मूल राहायला त्रास होऊ शकतो. दिवसातून बऱ्याच वेळा जावं लागेल, झोपेत कपडे खराब होऊ शकतात. काहींचा पाउच बिघडतो आणि पिशवी परत येते. नाही केलं तरी चालतं, फक्त आत उरलेला मलाशयाचा तुकडा नियमित दुर्बिणीने बघत राहावं लागतं, आणि पुढेमागे तो काढावा लागू शकतो.

ज्युनियरने इंग्रजीतच विचारलं, "आणि पेशंटला काय हवंय, सर?"

सर हसले. ही मुलगी बोलत नाही, ते म्हणाले. वडील समजूतदार आहेत.

मग मराठीत, पप्पांना: "काळजी करू नका. अगदी नॉर्मल होईल."

ज्युनियरने कागद पुढे सरकवला. पप्पांनी खिशातून पेन काढलं. ते हसत सहीची जागा शोधायला लागले. मी ते पेन बघितलं. त्या केबिनमध्ये दोन भाषांत दोन वेगळी ऑपरेशनं सांगितली गेली होती, आणि दोन्ही ऐकलेली, ज्युनियर सोडली तर, मी एकटी होते. मी खुर्चीवरची फाइल उचलली, पप्पांची पिशवी खाली ठेवली आणि बसले. पप्पांनी वर बघितलं, मी चक्कर येऊन बसले असेन असं त्यांना वाटलं असावं.

मग मी बोलले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"सर, आत्ता तुम्ही मॅडमना जे सांगितलंत, ते सगळं मला कळलंय. ते पप्पांना मराठीत सांगा, म्हणजे त्यांनाही कळेल. पण ठरवायचं मी आहे. मला जोडून घ्यायचं नाहीये. तो तुकडा तपासायला मी दर वर्षी येईन, एकटी येईन. पप्पा, पेन ठेवा. टेंभुर्णीला फोन लावा आणि मला द्या. माझ्या पोटाला पिशवी आहे आणि ती राहणार आहे, हे मी सांगते त्यांना."